एर्वेची एकतीस पानं

फ्रान्समधल्या कॅम्पेर गावच्या विमा कचेरीत एर्वे गुर्मेलॉनला बावीस वर्षं झाली, तरी त्याला कुणी अरे-तुरे करत नसे. बाकीचे आठवडाभरात एकमेकांशी एकेरीवर येतात. एर्वेला मात्र ‘तुम्ही’ आणि ‘मस्य गुर्मेलॉन’, म्हणजे श्रीयुत गुर्मेलॉन. मान वगैरे काही नाही हो, तेवढी जवळीकच कुणाशी झाली नाही. सकाळी कॉफीच्या मशीनपाशी घोळका जमायचा, हा कप धरून कडेला उभा राहायचा, आणि याने तोंड उघडेपर्यंत विषय कुठच्या कुठे गेलेला असायचा.

त्यावर त्याने एक उपाय काढला होता. कॉम्प्युटरवर ‘माणसं’ नावाचं फोल्डर, त्यात एकतीस सहकाऱ्यांची एकतीस पानं. कुणाची मुलगी घोडेस्वारी शिकते, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाला शिंपल्या सोसत नाहीत. पावणेनऊला एखादं पान वाचायचं, मनात घोळवायचं, मग कॉफीला जायचं. बोलण्यासाठी असा अभ्यास करून जाणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी कंपनीने कॉम्प्युटरवर पाळत बसवली. कोण कुठली फाइल किती वेळ उघडतो, सगळं वर साहेबांना दिसू लागलं. चोरून नाही, रीतसर कळवून. फोल्डरवर ‘खासगी’ लिहिलं की ते कायद्याने तुमच्या माघारी साहेबाला उघडता येत नाही, हे इथे सगळ्यांना पाठ. लोकांनी सुट्टीच्या फोटोंवरसुद्धा ‘खासगी’ लिहून टाकलं. एर्वेने नाही लिहिलं. माणसं ऑफिसातलीच, त्यात माझं खासगी ते काय, असं त्याचं म्हणणं. इतकं सरळ असू नये माणसाने.

नोव्हेंबरात पत्र आलं. सहकाऱ्यांची माहिती गुपचूप जमवल्याबद्दल खुलासा करावा, सोबत पसंतीचा एक सहकारी आणता येईल. नोकरी जाईल ही धास्ती होतीच, पण एर्वे अडला तो त्या ‘पसंतीचा सहकारी’पाशी. दोन दिवस त्याला कुणाचं नाव सुचेना. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सोलेनला त्याने विचारलं.

“तुम्ही आणि भानगड?” ती हसली. “अहो, तुम्हाला बघून लोक घड्याळ लावतात.”

“एक फाइल आहे.”

“फाइल होय. येते की. त्या बास्तीदबाईंपुढे एकटं बसू नये कुणी.”

बास्तीदबाई म्हणजे नोकरभरती आणि नोकरकपात, दोन्ही बघणाऱ्या. त्यांनी पानांचे छापील कागद पुढ्यात ठेवले आणि नेमकं सोलेनचंच पान उचललं.

“सोलेन,” त्या वाचू लागल्या. “आई मार्चमध्ये गेली. विचारायचं, आता कशा आहात. आज नाही, गर्दी होती. आज नाही, फोनवर होत्या. आज नाही, हसत होत्या, कशाला आठवण काढा.” त्या थांबल्या. “असं अकरा वेळा लिहिलंय. हे काय आहे, मस्य गुर्मेलॉन?”

सोलेनचं हसू कधीच मावळलं होतं. एर्वेच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“मला ऐन वेळी सुचत नाही,” तो म्हणाला. “म्हणून वाचून जातो. मला त्यांच्यात बोलायचं असतं. बाकी काही नाही.”

बास्तीदबाईंनी कागद पालथे घातले. त्याही शेवटी माणूसच. शिक्षा नाही, त्या म्हणाल्या, पण दुसऱ्यांची माहिती अशी ठेवता येत नाही, आत्ता माझ्यासमोर पुसा. एर्वेने पुसली. एकतीस पानं जायला क्षणभरही लागला नाही.

बाहेर लिफ्टपाशी दोघंच होती. गर्दी नव्हती, फोन नव्हता. एर्वेने धीर केला.

“सोलेन, आता कशा आहात?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. हा मनापासून विचारतोय, की पानावरचं काम उरकतोय, ते तिला कळेना. तिच्या आईचं मरण याने अकरा वेळा टिपून ठेवलं होतं, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं होतं.

“बरी आहे, मस्य गुर्मेलॉन,” ती म्हणाली.

लिफ्ट आली, दार उघडलं. सोलेन जिन्याने गेली.