तीन महिने झाल्याशिवाय सांगायचं नाही

वहिनी आणि मी उज्जैनच्या माधवनगरातल्या एकाच नेल सलूनमध्ये कामाला होतो. तिला दिवस गेल्याचं घरात कळलं, तेव्हा आईनं पहिली ताकीद मलाच दिली. "तीन महिने पूर्ण होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." वहिनीचं आधीचं मूल पोटातच गेलं होतं. तेव्हा बातमी लवकर फुटली म्हणून नजर लागली, असं आईचं पक्कं मत होतं. वहिनीचंही तेच. मी शपथ घेतली.

सलूनमध्ये वहिनी खोटी नखं बसवायची. लिक्विडमध्ये पावडर कालवून नखावर चढवायची आणि वाळली की मशीननं घासायची. त्या लिक्विडचा वास थेट कपाळात चढतो, आणि घासताना उडणारी धूळ भुवयांवर बसते. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, अशा वासात बंद खोलीत बसू नका. आमची खोली एसीसाठी कायम बंद. गारवा जातो म्हणून आमच्या मालकीण मॅडमनी एक्झॉस्ट फॅनच्या भोकावर पुठ्ठा ठोकलेला. मास्क लावला की म्हणायच्या, "क्लायंट को लगेगा बीमार हो."

टेबल बदलून मागायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण तर सांगायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी म्हणून पाहिलं, नखं मी बसवते, वहिनीला नेलपॉलिशवर बसवा. मॅडम हसल्या. माझ्या हातची नखं फावड्यासारखी होतात हे सगळ्या उज्जैनला ठाऊक होतं.

लग्नसराईत एक नवरी आली, सोबत नानाखेड्याच्या दोन मावश्या. तिघींनाही वहिनीच हवी होती. मी शेजारच्या टेबलावर एका मावशीचं जुनं पॉलिश पुसत होते, पण माझं सगळं लक्ष वहिनीकडे. ब्रश बुडवताना ती श्वास रोखून धरायची आणि मान वळवून मग घ्यायची. तिच्या ओठांवरचा रंग उडत चालला होता. मला इतकी भीती वाटत होती की मावशीचं बोट मी चांगलंच रगडलं.

उठून खिडकी उघडली. मावशीला उकडलं, मॅडमनी लावली. थोड्या वेळानं मी पुन्हा उघडली.

"आज तुमको हुआ क्या है?" मॅडम चिडल्या आणि कडी घालून मोकळ्या झाल्या.

तेवढ्यात वहिनीच्या हातातून ब्रश पडला. तिनं टेबलाची कड घट्ट धरली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नको सांगूस.

मी सांगितलं. "मॅडम, भाभी पेट से है. तीसरा महीना चल रहा है. उठाओ इसको यहाँ से."

वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं सगळं रस्त्यावर मांडलं. मॅडम ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तिला धरून गॅलरीत नेलं, पाणी दिलं. परत आल्या त्या स्टुलावर चढून पुठ्ठा उपसायलाच लागल्या. नवरी अर्धी नखं घेऊन बघत बसली. मी स्टूल धरलं.

"मेरे भी दो गए," मॅडम हळूच म्हणाल्या. "इसी टेबल पे बैठती थी मैं. इससे गए कि नसीब से, भगवान जाने. सास ने बोला था, तीन महीने किसी को मत बताना."

दया यायला हवी होती. मला संताप आला. "फिर भी ये पुट्ठा आपने ठोका?"

त्या पुठ्ठा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "तुम में से कभी कोई कुछ बोली ही नहीं. मुझे लगा, तुम लोगों को कुछ नहीं होता."

मी गॅलरीत गेले. वहिनी तोंड फिरवून बसली होती. हात लावू देईना.

"आता काही झालं ना, तर तू बोललीस म्हणून होईल," ती म्हणाली.

"फोड खापर माझ्या डोक्यावर. पण आत येऊ नकोस."

ती रडत होती. पण उठली नाही.