पातोडीपासूनचा अबोला

गोष्टीत भांडण नसेल तर मार्क मिळत नाहीत.

हे मला माझ्या लेकीने, श्रावणीने सांगितलं. ती सातवीत आहे. मराठीच्या बाईंनी घरात खरी घडलेली गोष्ट लिहून आणायला सांगितली होती. आधी सुरुवात, मग संघर्ष, तो वाढत वाढत टोकाला जायचा आणि शेवटी मिटायचा. मागच्या वेळी मी सांगितलेली गोष्ट तिने नेली होती : आम्ही काटोलला गेलो, संत्री खाल्ली, परत आलो. बाईंनी वही परत पाठवली. "पुढे काय झालं?" आता पुढे काय होणार! संत्री गोड होती, एवढंच झालं.

या वेळीही परत आली तर शून्य. गोष्ट दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

"आई, तुयं कोणाशीच भांडण नाही का वं?" तिने इतक्या दयेने विचारलं की मला रागच आला.

"आहे," मी म्हणाले. "मोठ्या आईशी. तीन वर्षं झाली, मी बोलत नाही तिच्याशी."

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. तीन वर्षांपूर्वी एकदा घरी पाहुणे होते, मी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा केला होता, आणि जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की या रश्श्यात पोहता येईल. सगळे हसले. मीही हसले. (एकटीच गप्प बसले असते तर लोकांनी माझ्याकडे पाहिलं असतं.) पण त्या दिवसापासून अबोला.

श्रावणी खूश. सुरुवात मिळाली, संघर्ष मिळाला. "अन् शेवट?"

शेवट झालाच नाही म्हटलं. तूच काहीतरी लिही. तर म्हणे, खरा पाहिजे. माझे हात कणकेत होते. ते धुवेपर्यंत पोरगी जिना चढून वर!

खाली मला स्पष्ट ऐकू आलं. "मोठी आई, तुया अन् आईचा अबोला कधी मिटन? मले उद्या गोष्ट द्याची आहे."

वर शांतता. जाऊबाईंच्या घरात शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

"कोणता अबोला?"

मग त्या खाली आल्या. "तू माह्याशी बोलत नव्हती?"

मी मान हलवली.

"पातोडीपासून," श्रावणीने माहिती दिली.

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

आता जिच्याशी बोलायचं नाही, तिला सांगायचं कसं? मी रोज वर जात होते, त्यांचे पापड लाटत होते. त्या बोलायच्या, मी मान हलवायची. अबोल्याआधीही हेच चालायचं. फरक कळावा एवढं मी कधी बोललेच नव्हते.

"माह्या घरचं सगळं तुले सांगत होती मी," जाऊबाई म्हणाल्या, "अन् तू रुसून राहिली होती?" त्यांचे डोळे भरले. त्या वर गेल्या आणि दार लावून घेतलं.

ह्यांनी टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं की आता मार्क पक्के. श्रावणी म्हणाली, "हे टोक आहे, आई. आता तूच मिटव. नायिकेनंच मिटवा लागते."

मी जिना चढले. प्रत्येक पायरीवर एकच वाक्य घोकलं : ताई, तुमचं बोलणं मला लागलं होतं. दार उघडलं. जाऊबाईंचं नाक लाल झालेलं. वाक्य गेलं ते गेलंच! मी म्हणाले, "या ना ताई, चहा घ्या."

घर त्यांचं होतं.

जाऊबाई बघतच राहिल्या. मग हसत हसत उंबऱ्यातच बसल्या. चहा त्यांनीच केला. अर्धा कप झाल्यावर माझ्या तोंडून निघालं, "मले लागलं होतं, ताई."

"कळलं वं," त्या म्हणाल्या. "पण रस्सा पातळच होता."

श्रावणीने सगळं जसंच्या तसं लिहिलं. वही आली. बाईंनी लाल शाईने शेरा दिला होता : "रचना छान. पण खरी गोष्ट लिहायला सांगितली होती. नायिका मनाने रचलेली दिसते. अशी बाई प्रत्यक्षात असणं शक्य नाही."

त्याखाली पालकांच्या सहीची जागा होती. मी मुकाट्याने सही केली.