समुद्राकडं आपलं कोण राहतं?

मामा कनवटीला हात घालायचे तो फक्त पैसे जागेवर आहेत ना, हे चाचपायला. काढायला नव्हे. वरवंडच्या बाजारात भाजीवालीनं भाव सांगितला की त्यांचा हात आपोआप कमरेकडे जायचा, धोतराच्या त्या घडीवर दोनदा थोपटायचा आणि रिकामाच वर यायचा. गावानं त्यांचं नाव कनवटीमामा ठेवलं होतं. माझे ते सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. म्हणून हे नाव मी त्यांच्यासमोर कधी घेतलं नाही. पाठीमागे मात्र सर्रास घ्यायची, खोटं कशाला बोलू?

पण त्यांना चिक्कू म्हणाल तर मी भांडेन. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी कणगीतली ज्वारी अख्ख्या आळीला वाटली आणि पुढं कुणाकडून दाणासुद्धा परत मागितला नाही. "धान्य माग, दूध माग, रातभर कुणाच्या दुखण्याला बसायला सांग. रोकड तेवढी मागू नगंस," असं ते म्हणायचे. रोकड सुटली म्हणजे अंगातलं रक्त सुटलं, अशी त्यांची ठाम समजूत होती. एसटीचं तिकीट काढतानाही त्यांचा चेहरा सुई टोचून घेणाऱ्या पोरासारखा व्हायचा.

याचं मूळ त्यांच्या बालपणात असावं. मामांच्या वडलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, मेंढरांचा फिरता वाडा असायचा. पाऊसकाळ सरला की कळप घेऊन गावोगाव फिरायचं आणि रात्री कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची. सकाळी त्या रानात लेंड्यांचं खत पडलेलं असायचं आणि मालक त्याबद्दल धान्य द्यायचा. मामा पुढं पाटाच्या पाण्यावर ऊस लावून एका जागी स्थिर झाले, मेंढरं गेली, पण हा कायदा त्यांच्या डोक्यातून गेला नाही. "आपण कुणाचं फुकट खात न्हाई. जिथं बसतो, तिथं खत टाकून उठतो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याला गणती नाही.

मामींचा स्वभाव अगदी निराळा. कमी बोलणारी बाई, मागणं तर ठाऊकच नाही. त्यांचा भाऊ निमोण्याहून एकदा मुंबईला जाऊन आला आणि त्यानं सांगितलं की समुद्राला पलीकडचा काठच नसतो. मामींना ते पटेना. विहिरीला काठ, पाटाला काठ, घोडनदीला पूर आला तरी पलीकडं झाडं दिसतात. काठ नसलेलं पाणी राहतं कसं? हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. उसाचं बिल हाती आलं त्या वर्षी त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा मागणं केलं. "मला एकदा समिंदर दावा."

मामा लगेच हो म्हणाले. इथंच मला शंका यायला हवी होती.

मी तेव्हा दौंडला शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. मला बरोबर घेतलं ते पाट्या वाचायला. माझं तिकीट मी काढलं, हे सांगायला नकोच. दौंडहून पॅसेंजरनं निघालो, तेव्हा मामांच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं, मामींच्या डोक्यावर शेंगांचं गाठोडं आणि माझ्या काखेत कांद्यांची पिशवी. मामांनी बेत समजावून सांगितला. मुंबईत लॉजवर राहणारा माणूस अनाथ असतो. आपली माणसं घाटकोपरला आहेत, कुर्ल्याला आहेत, लालबागला आहेत. प्रत्येकाकडं दोन दिवस बसायचं, ज्वारी द्यायची आणि ते घर जिकडं असेल तिकडची मुंबई बघायची.

"आन् समिंदर?" मामींनी विचारलं.

"बघू की. समिंदराकडं आपलं कोण ऱ्हातं?"

कुणीच राहत नव्हतं. त्यामुळे समुद्र शेवटी गेला.

घाटकोपरला मामांच्या चुलतभावाकडे गेलो तर सून बाळंतीण. मामींनी लुगड्याचा पदर खोचला आणि चुलीचा, म्हणजे स्टोव्हचा, ताबा घेतला. आम्ही तिथं मुंबई बघितली ती डोंगरावर पाण्यासाठी लागलेल्या रांगेची. कुर्ल्याला गाववाल्याची बायको माहेरी गेलेली. "वैनी, तुमी आलात, देवच पावला," म्हणत त्यानं स्वतःचेच नव्हे तर शेजाऱ्याचेही जेवणाचे डबे मामींकडे दिले. तुम्ही म्हणाल, मग तू काय करत होतीस? मी कांदे चिरत होते. बी.ए. झालेली बाई कुर्ल्याला रडत कांदे चिरत होती!

मामा मात्र खुशीत होते. संध्याकाळी मला घेऊन फिरायला निघायचे आणि पैसे न देता काय काय दिसतं ते दाखवायचे. राणीच्या बागेपाशी गेलो तर तिकिटाची खिडकी बघून त्यांचा हात कमरेला गेला. मग कुंपणाच्या कडेकडेनं चालत एका जागी थांबले आणि वर बोट दाखवलं. झाडांच्या वर जिराफाची मान. मनसोक्त बघून झाल्यावर म्हणाले, "झालं. बाकीचं जनावर खाली असंलच की." घरी परतल्यावर मामींना त्या मानेचं वर्णन सांगितलं. मामी भाकरी थापत ऐकत होत्या.

शेवटचा मुक्काम लालबागला. तिथल्या बाई गिरणीतल्या आपल्याकडच्या पोरांसाठी खानावळ चालवायच्या. झालं! मामी बसल्या त्या परातीपुढेच बसल्या. आमची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची. परतीची तिकिटं मामांनी आधीच काढून कनवटीला बांधली होती. सकाळ उजाडली, उन्हं चढली, समुद्राचं नाव नाही. मामा गॅलरीत चार पोरं जमवून आपला कायदा समजावत होते. "आपण फुकट खात न्हाई. जिथं बसतो, तिथं खत टाकून उठतो!"

मामी आतून आल्या. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले.

"व्हय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही काठी घिऊन हुबं ऱ्हाता. बसवलंय ते मला. घाटकोपरला बसवलं, कुर्ल्याला बसवलं, हितं बसवलं. समद्या मुंबईला माझं खत घातलं तुम्ही. आता पुरं झालं. शालन, चल."

मी पायात चप्पल सरकवली. मामी तशाच पिठाच्या हातानं जिना उतरल्या, रस्त्यावर आल्या आणि समोरची टॅक्सी त्यांनी हात करून थांबवली. "माझ्या अंड्यांचं पैसं हायेत," मला एवढंच म्हणाल्या. टॅक्सी सुटणार तेवढ्यात मामा गाठोडं घेऊन धावत आले आणि पुढच्या सीटवर शिरले. मीटर तेव्हा बाहेरच्या बाजूला असायचा. चौपाटी येईपर्यंत मामांनी मुंडी बाहेर काढून मीटर सोडून दुसरं काही बघितलं नाही. त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव टॅक्सी. त्यात त्यांनी काय पाहिलं? आकडे!

दुपारच्या उन्हात चौपाटी ओस पडली होती. मामी सरळ पाण्यापर्यंत चालत गेल्या, लाटेत हात धुतले आणि ओल्या वाळूत बसल्या. आमच्याकडे पाठ. मामा जरा वेळ टाचा उंचावून पलीकडचा काठ शोधत होते. मग म्हणाले, "एवढं पाणी आन् एका वाफ्याच्या कामाचं न्हाई. तरीच फुकट ठिवलंय."

गाडीची वेळ होत आली. मी म्हटलं, "मामा, निघायला हवं. तिकिटं वाया जातील."

त्यांनी कनवट चाचपली. मामींच्या पाठीकडं बघितलं. हाक मारायला तोंड उघडलं, "अगं..." आणि मिटलं. पुन्हा कमरेला हात, पुन्हा मामींकडे नजर. अखेर त्यांनी गाठोडं वाळूत ठेवलं आणि त्यावर बसले.

"मामा, अहो गाडी!"

"बस की गप. तुला काय एवढी घाई?"

आमची गाडी गेली. मामी उठल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. स्टेशनवर मामांनी स्वतःच्या हातानं कनवट सोडली आणि नवी तिकिटं काढली. या वेळी माझंही काढलं.

गावात काय सांगायचं हा प्रश्न होता. बायकोसाठी गाडी सोडली, हे काय सांगण्यासारखं? मामांनी सांगितलं, "शालनला चक्कर आली, म्हणून गाडी हुकली." ही बातमी पाटसपर्यंत पोचली. पुढं वर्षभर जो तो मला तब्येत विचारायचा आणि एक चांगलं स्थळ त्या चकरेपायी परत गेलं. मी मामांवर भयंकर चिडले होते. त्यांनी ते स्थळ मोडल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. म्हणाले, मुलगा खर्चिक होता.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दहावा उरकल्यावर पाहुणे पांगले आणि मी आणि मामी ओट्यावर बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामी, त्या दिवशी एवढा वेळ समुद्रात काय बघत होता हो?"

"समिंदर व्हय?" मामी म्हणाल्या. "त्यो काय, एकदा बघितला की कळतंय. पाणीच पाणी. मी आपली कान मागं लावून बसले हुते. म्हनलं, आता ऊठ म्हंत्याल, मग ऊठ म्हंत्याल. लई वेळ झाला, तरी तुझे मामा ऊठ म्हनलेच न्हाईत. तवा मला रडू आलं बग. मग तोंड कसं फिरवू? म्हनून बसले."