मातीचा वाटा

काकांनी मिळून राई गावातली आमची वाडी विकली, तेव्हा बाबांनी एकच गोष्ट मागून घेतली: वरची माती. बिल्डरचा माणूस हसला. "ले जाओ, अंकल, पूरी ले जाओ." बाबांनी ती गोणींत भरली आणि टेम्पोने पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आणली. लिफ्ट चिखलाने भरली म्हणून सेक्रेटरीने आरडाओरडा केला, तो वेगळाच. आई म्हणाली, "लोकं वाटनीत सोनं आनतात, आमच्या घरात चिखल आला."

निळी पिंपं अर्धी कापून बाबांनी त्यात ती माती भरली. खतासाठी ते फारसे अडून बसायचे नाहीत. पावसाळ्याआधी पाटीभर शेणखत, बस्स. बाकी कंपाउंडमधल्या बदामाची वाळकी पानं, भाज्यांची सालं आणि माशाचं पाणी. आमच्याकडे मासे धुतलेलं पहिलं पाणी मोरीत ओतणं म्हणजे अन्न टाकून देणं. ते पातेलं बाबा जपून गच्चीवर न्यायचे आणि पिंपाच्या कडेकडेने ओतायचे. डोकी, शेपट्या खोल पुरायच्या. "झाडाला न्हाय, मातीला जेवन द्यायचं," असं ते मला सारखं ऐकवायचे. मी कंटाळून मान डोलवायचे.

वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकी पहिल्याच आठवड्यात दारात उभ्या राहिल्या. "भाईसाब, बहुत बास आती है." बाबांनी मातीवर वाळक्या पानांचा जाड थर घातला, वास गेला. मग पिंपात लावलेला मोगरा असा फुलला की काकी रोज सकाळी देवासाठी ओंजळभर कळ्या न्यायला लागल्या. मातीत काय जातं ते त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि बाबाही साळसूदपणे आभाळाकडे बघत राहिले.

जेवताना बाबांची एक सवय होती. बोय माशाच्या मधल्या तुकडीतला काटा काढायचा आणि ती तुकडी आईच्या ताटात ठेवायची. खाडीकाठी वाढलेली बाई ती, अंधारातसुद्धा काटे काढून खाईल. रोज चिडायची, "मी काय लहान पोर हाय?" आणि रोज खायची.

मागच्या वर्षी बाबा गेले. तेरा दिवस घरात मासा शिजला नाही, तो रिवाजच आहे. पण चौदाव्या दिवशीही शिजला नाही. महिना झाला, दोन झाले. कोळीण खालून हाक मारायची, आई खिडकी लावून घ्यायची. डाळभात, तोही चिमणीएवढा. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या आणि मला मनातून भीती वाटायला लागली. "आई, मासे आणते गं," म्हटलं की, "तुला पायजे तर बाहेर खा."

गच्चीवर मी नर्सरीतलं दाणेदार खत आणून घातलं. मोगऱ्याला पानं आली काळीभोर, कळी एक नाही. माती वरून विटेसारखी कडक झाली. मला त्या झाडाचा रागच आला.

आणि एका सकाळी काकी आल्या. आत येऊन आईशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "भाभी, आपके घर से अब बास नहीं आती. अच्छा नहीं लगता."

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदाच अशी मोठ्याने रडली. काकी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तिने कोळणीला स्वतः हाक मारली. बोय घेतली, विळीवर साफ केली, पहिलं पाणी पातेल्यात धरलं आणि गुडघे धरत गच्चीवर चढली. आधी बोटांनी माती उकरून सैल केली. "उपाशी ऱ्हायली बिचारी," म्हणाली, आणि कडेकडेने पाणी ओतलं. मला इतकं हायसं वाटलं की मी ऑफिसला फोन करून सुट्टीच टाकली.

दुपारी तिने कालवण केलं. मला वाढलं आणि स्वतःच्या ताटात डाळभात घेतला. मी मधल्या तुकडीतला काटा काढला, अगदी बाबांसारखा, आणि ती तुकडी तिच्या ताटात ठेवली. आईने ती बराच वेळ पाहिली. मग उचलून अलगद माझ्या ताटात परत ठेवली.

आता मोगरा पुन्हा फुलतोय. काकी कळ्या नेतायत. आई आठवड्यातून दोनदा मासे आणते, पाणी मातीला देते, कालवण मला वाढते. स्वतः अजून डाळभातच खाते.