सहा वाजताची खिडकी

रामदासपेठेतल्या ज्या तपासणी केंद्रात मी झाडू-पोछा करते, तिथला हॉल थंडीत आपोआप गरम होतो. गच्चीवर एक मोठी मशीन आहे. उन्हाळ्यात ती थंड हवा सोडते आणि थंडी पडली की पहाटे कोणी बटन न दाबता गरम हवा सोडते. सात वाजता लोक रक्त द्यायला येतात, तेही उपाशीपोटी. काटोलच्या पहिल्या बसने आलेले म्हातारे तर हात काखेत घालूनच आत शिरतात. ते येण्याआधी हॉल उबदार व्हावा म्हणून ही सोय.

मी दिवाळीनंतर कामाला लागले. साडेपाचला पोचायचे तेव्हा मशीन सुरूच असायची. पहिल्या दिवशी मी, गरम हवा येते त्या छताच्या जाळीखाली हात वर करून किती वेळ उभी होते, मलाच ठाऊक नाही. आमच्या घरी ऊब हवी तर काड्या गोळा करा, फुंका, धुराने डोळे चोळा. इथे कोणी नव्हतं आणि तरी ऊब येत होती.

पहिल्याच आठवड्यात एका उपाशी बाईला फिनाइलच्या वासाने उलटी झाली. गरम हॉलमध्ये तो वास कोंडून राहायचा. तेव्हापासून मी पोछा झाला की सहाच्या सुमारास कोपऱ्यातली मोठी खिडकी उघडायचे, लादी वाळली आणि वास गेला की लावून टाकायचे. कोणाला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे मॅडमसमोर उभं राहायचं, आणि ते मला जमत नाही.

केंद्र मॅडम सांभाळतात. खाली गेटवर रात्रपाळीचे चौकीदार काका असतात. साठीच्या पुढचे. मी आले की ते थर्मासच्या झाकणात मला काळा चहा ओतून द्यायचे आणि म्हणायचे, "घे वं बाई, वर जाऊन गरमच व्हायचं आहे, पण पोटात तं काही जाऊ दे."

जानेवारीत मॅडमनी काकांना वर बोलावलं. मी खुर्च्या पुसत होते. मशीन किती वाजता सुरू होते याची नोंद त्यांनी पाहिली होती. आता ती चार वाजताच सुरू होत होती. मॅडमचं म्हणणं होतं की काका पहाटे वर येऊन ती चालू करतात आणि हॉलमध्ये झोपतात. काका म्हणाले की मशीनचं बटन कुठे आहे हेही त्यांना माहीत नाही. उद्या मेकॅनिक येऊन बघेल, मशीनमध्ये बिघाड निघाला नाही तर एक तारखेपासून दुसरा माणूस येईल, असं मॅडमनी सांगितलं.

जिन्यात काका मला म्हणाले, "आजवर म्हातारा झोपते म्हणत होते, आता म्हातारा शेकते म्हणून राहिले." हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी थर्मास आणला नव्हता. या वयात दुसरं गेट कोण देईल, एवढंच म्हणाले.

मेकॅनिक बुटीबोरीहून आला. गच्चीवर जाऊन आला, मशीन ठीक आहे म्हणाला. मग मॅडमना समजावू लागला. मी बादली घेऊन भिंतीला लागून उभी होते. तो म्हणाला, मशीनला फक्त सात वाजता हॉल गरम हवा असतो, हे सांगून ठेवलं आहे. सात वाजता हॉल गार राहिला, तर दुसऱ्या दिवशी ती आपली आपण थोडी लवकर सुरू होते. आधीच गरम झाला, तर उशिरा. बाहेरची हवा ती सकाळी घेतच नाही, आतलीच फिरवून तापवते. त्याने भिंतीवरची पांढरी डबी दाखवली. त्या डबीला गारठा कळतो. डबी माझ्या खिडकीच्या शेजारी होती.

"रोज काहीतरी हॉल गार करून राहिलं आहे," तो म्हणाला.

मी डबीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. बोलले तर माझं काम जाईल, हे दिसत होतं. पाळी संपली तरी जिन्यात काका उभे होते, टोपी हातात घेऊन.

"खिडकी मी उघडते," मी म्हणाले. "सहा वाजता. वास जावा म्हणून."

इतक्या हळू बोलले की मेकॅनिकने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. एक रेघ वर चढत होती आणि सहाच्या जागी खाली खड्डा. पुढच्या दिवशी तसाच खड्डा. त्याच्या पुढच्याही. मध्ये दोन दिवस खड्डा नव्हता.

"हे दोन दिवस तुम्ही आल्या नव्हत्या काय?"

भाचीच्या लग्नाला गेले होते. मी कधी येते, कधी येत नाही, याची आठवण एका भिंतीवरच्या डबीने ठेवली होती. मी त्या रेघेकडे बघतच राहिले. मॅडमही बघत होत्या. त्या दोन्ही दिवशी काका तर गेटवर होतेच, तरी त्यानंतर मशीन थोडी उशिराच सुरू झाली होती.

मॅडमनी लॅपटॉप मेकॅनिककडे परत सरकवला. मग मला म्हणाल्या, "फिनाइल संध्याकाळच्या बाईला मारू दे. तुम्ही सकाळी साध्या पाण्याने पुसा आणि खिडकी बंद ठेवा." काकांना काही म्हणाल्या नाहीत. एक तारखेला दुसरा माणूस आला नाही.

मी खिडकी बंद ठेवू लागले. काका मला रोज सांगायचे, आज साडेचारला घरघरली, आज पावणेपाचला. मशीन रोज थोडी थोडी उशिरा सुरू होत होती. तिला कोणी शिकवलं नाही, कोणी ओरडलं नाही. रोज सातला ती बघायची आणि उद्याचं ठरवायची.

थंडी ओसरत आली तेव्हा एका सकाळी मी आले, तर हॉल गार होता. एवढ्या दिवसांत मी तो गार कधी पाहिलाच नव्हता. मी काकांना हाक मारली. दोघं जाळीखाली उभे राहिलो. वर गच्चीवर काहीतरी हललं, घरघर झाली, आणि आधी गार वारा आला, मग कोमट. काकांनी टोपी काढून डोकं वर केलं.

"उठली वं," ते म्हणाले.