विहिरीत शिकलेले पाणबुडे

माझं सौंसरात मोटर बांधायचं दुकान आहे. शेतातली मोटर जळली की लोक ती माझ्याकडे आणून टाकतात आणि होईपर्यंत बाकावर बसून गप्पा हाणतात. मोटर घेऊन जातात, गप्पा दुकानातच राहतात. अशाने किस्से साचत जातात. त्यात अंदमानचा साठा इतका झालाय की नवीन गिऱ्हाईक बसलं रे बसलं की जुनी मंडळीच म्हणतात, "अंदमानचं सांग ना बे." मग मोटर बाजूला आणि आम्ही समुद्राच्या तळाशी!

गेलो होतो पाच जण. पांढुर्ण्याचे पप्पूशेठ, संत्र्याचे व्यापारी. रंगारी सर, आमच्या इथल्या शाळेत गणित शिकवतात. रामाकोन्याचे मनोहरभाऊ, त्यांच्या बायको सुमनवहिनी, आणि मी. टूम वहिनींची. त्यांनी मोबाइलवर स्कूबा डायव्हिंगचा व्हिडिओ पाहिला आणि थेट दुकानात आल्या. म्हणाल्या, यांना तिथे न्यायचंय, तुम्ही सोबत असलात तर नाही म्हणणार नाहीत.

शेठ, सर आणि मी एकमेकांकडे पाहिलं. कारण मनोहरभाऊ म्हणजे आमच्या भागातले सगळ्यांत दमदार पोहणारे. विहिरीत कोणी पडलं की पहिला निरोप त्यांना जायचा. पण दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी बोरगावचं एक पोरगं वर काढलं आणि तेव्हापासून पाण्यात पाय घातला नाही. नदीवर गेलो तर हे लांब मोटारसायकलपाशी उभे. घरी आंघोळीलासुद्धा अर्धी बादली. वहिनींना ते बघवत नव्हतं. एवढा माणूस पाण्याला भिऊन राहिला, तेवढी भीती गेली पाहिजे, असं त्या म्हणाल्या आणि आम्ही पाचांची तिकिटं काढली. भाऊ यायला तयार झाले, पण एका अटीवर. ते काठावर बसणार.

* * *

सुरुवात विमानातच झाली. हवाईसुंदरीने पप्पूशेठना डब्यातला संत्र्याचा ज्यूस दिला. ज्या माणसाची हयात संत्री हुंगण्यात गेली, त्याला डब्यातला ज्यूस! शेठनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला आणि अगदी अदबीने तिला विचारलं, "बहनजी, इसमें संतरा कब डालोगे?"

ती बिचारी दुसरा डबा घेऊन आली.

* * *

बेटावर आमचा मास्तर होता विक्टर नावाचा पोरगा. काळासावळा, काटक, हसरा. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, तैरना किसको आता है? शेठनी आणि मी ऐटीत हात वर केले. आम्ही विहिरीत शिकलेले, पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून. सरांनी हात वर केला नाही. विक्टरने विचारलं, सर, गाँव में कुआँ नहीं था क्या?

"कुआँ था," सर म्हणाले. "हमारा नहीं था."

विक्टरला काही कळलं नाही. आम्हाला कळलं. शेठनी वर केलेला हात हळूच खाली घेतला.

* * *

पण गंमत पुढेच आहे. विक्टरने कमरेएवढ्या पाण्यात सराव घेतला. तोंडात नळी धरायची, पाण्यात वाकायचं आणि आरामात श्वास घेत राहायचं. श्वास कधीच रोखायचा नाही, हा पहिला नियम. आता विहिरीत पोहणाऱ्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की पाण्याखाली श्वास रोखायचा! सर पहिल्याच झटक्यात पास झाले, कारण त्यांना विसरण्यासारखं काही येतच नव्हतं. शेठ मात्र गाल फुगवून बसले. लाल झाले, मग जांभळे. विक्टर ओरडतोय, अंकल, साँस लो! शेठ ढिम्म. शेवटी त्याने ओढून वर काढलं. आम्ही विचारलं, पाठीवर सिलेंडर असून श्वास का घेतला नाही?

शेठ धापा टाकत म्हणाले, "वाचवून राहिलो होतो ना बे. खाली गेल्यावर पुरला पायजे."

वरून बोटीत चढताना तक्रार वेगळीच. म्हणे, लहानपणी पाठीवरचा डबा तरंगवत होता, हा डबा तं बुडवून राहिला!

* * *

माझीही फजिती सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचीच टिंगल करतो. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर न्या'. हे विक्टरने सांगितलं होतं, पण मी तेव्हा वहिनींच्या डब्यातली तिखटमिठाची पुरी खात होतो. खाली गेलो. पिवळेजर्द मासे, जांभळी झाडं, डोळे फिरावेत असा देखावा. विक्टरने खुणेने विचारलं, कसं काय? मी अंगठा दाखवला. मस्त! त्याने मला वर आणलं. तब्येत विचारली, परत खाली नेलं. परत विचारलं. मी परत अंगठा. परत वर! शेवटी तो वैतागून म्हणाला, "अंकल, नीचे अच्छा नहीं लग रहा क्या?"

* * *

संध्याकाळी जेवायला मासे होते. सर एरवी मासे म्हटलं की दोन घास जास्त जेवणारे, पण त्या दिवशी त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि वरणभात मागवला. का हो सर? तर म्हणाले, "सकाळीच भेट झाली ना. एवढ्या लवकर बरं नाही दिसत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र सर माशांची ती ओळख विसरून जेवले.

* * *

हे सगळं चाललेलं असताना मनोहरभाऊ बोटीच्या मधोमध बसून असायचे, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. बोटवाल्याने एकदा सहज विचारलं, भाईसाब, आपको तैरना नहीं आता?

"तैरने का काम नहीं था," भाऊ म्हणाले. "निकालने का था."

बोटवाल्याला सरांनी समजावून सांगितलं, विहिरीचं, निरोपांचं. त्याने विचारलं, कितने बचाए? भाऊंनी मान हलवली. निरोप पोचायचा तोवर उशीर झालेला असायचा. एकही नाही, असं म्हणून त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला. मला तर रडू आलं होतं, खरं सांगायला लाज कसली.

शेवटच्या दिवशी सुमनवहिनी स्वतःच खाली गेल्या. ज्या बाईने आयुष्यात कधी गळ्याएवढ्या पाण्यात पाय टाकला नव्हता, ती! वर आल्या, केस पिळत भाऊंच्या शेजारी बसल्या. आम्हाला वाटलं मासे सांगतील, रंग सांगतील.

"खाली उजेड आहे जी," एवढंच म्हणाल्या.

भाऊ पाण्याकडे बघत बसले. आमच्या विहिरींच्या तळाशी काही दिसत नाही, हाताने चाचपडावं लागतं. थोड्या वेळाने ते उठले आणि विक्टरला म्हणाले, चल.

कमरेएवढ्या पाण्यातला सराव झाला. मग आम्ही दोघं उतरलो, भाऊंसोबत विक्टर, माझ्यासोबत दुसरा पोरगा. भाऊंनी श्वास बरोबर घेतला. डोळे उघडे होते. एक निळा मासा त्यांच्या तोंडासमोरून गेला तर त्यांनी मान वळवून त्याला पार दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. मला एवढा आनंद झाला की अंगठा दाखवणार होतो, पण आवरलं.

विक्टरची एक रीत होती. गिऱ्हाईक रमलं की तो त्याला वाळूवर गुडघ्यांवर बसवायचा, चार हात लांब जायचा आणि फोटोसाठी तळाशी उताणा पडायचा. खाटेवर झोपल्यासारखा, हात पसरून, अजिबात न हलता. लोकांना हसू येतं, फोटो छान येतो. भाऊंचं त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तो पडला.

भाऊंनी तळाशी पडलेलं ते शरीर पाहिलं. पुढचं मला नीट दिसलंच नाही, नुसती वाळू उडाली. एका हाताने त्याच्या पाठीचा पट्टा, पायांचा एक जोरदार फटका, आणि दोघंही सरळ वर!

माझ्यासोबतच्या पोराने मला सावकाश वर आणलं. डोकं बाहेर काढलं तर विक्टर तोंडातली नळी काढून संतापाने बडबडत होता, अंकल छोड़ो, पागल हो क्या, ऐसे एकदम ऊपर नहीं आते. भाऊंनी एका हाताने बोटीची कड धरली होती आणि दुसऱ्या हाताने त्याचं डोकं पाण्याच्या वर उचलून धरलं होतं. सोडायलाच तयार नाहीत. बोटीतून वहिनी वाकून म्हणत होत्या, अहो, सोडा त्याला, सोडा.

भाऊंनी वर पाहिलं.

"सुमन," ते म्हणाले, "हा बोलून राहिला."