कोरं फडकं

सुरतेत बमरोलीच्या बाजारात उषाबाई बावीस वर्षं पनीर विकत होत्या. मूळच्या अमळनेरच्या. नवरा कापडाच्या मागावर कामाला असताना त्या एका पारशी म्हातारीकडे कामाला होत्या, तिथे हे सुरती पनीर शिकल्या. टोपलीत फडकं अंथरून लावलेले, निवळीत ठेवलेले लुसलुशीत गोळे. दुपारनंतर कुणी कितीही मागितलं तरी देत नसत. "शिळं इकाले मी काय तुमनी वैरीण शे का?"

शेजारच्या पाकिटवाल्याचं पनीर दुधाऐवजी पामतेलाचं. आठवडाभर टिकायचं, भाजीत फुटायचं नाही, म्हणून लोकांच्या त्याच्यावर उड्या.

मी बँकेतला शहाणा माणूस. दर रविवारी उषाबाईंकडून पनीर न्यायचो आणि फुकटचा सल्ला देऊन यायचो. "मावशी, फडकं पिवळं पडलंय. भेसळ तपासणीची गाडी येणार आहे म्हणतात. बदला ते." ते फडकं त्या रोज उकळत होत्या, पण माझ्या डोळ्यांना डाग दिसत होता ना!

पुढच्या रविवारी गाडी आली. उषाबाईंनी लांबूनच मला नवं मांजरपाट दाखवलं. धुतलंही नव्हतं. पाणी लागलं की कोरेपण गेलं, अशी त्यांची समजूत.

"कोरं शे साहेब, देवले बी चालस!"

तपासणाऱ्याने पनीरवर आयोडीनचा थेंब टाकला. तुकडा निळाकाळा पडला. "मासी, इसमें तो आटा मिलाया है," तो सगळ्यांसमोर म्हणाला. पाकिटवाल्याच्या तुकड्यावर थेंब तांबूसच राहिला. तेलाला आयोडीन काय करणार? आणि दुसरी तपासणी त्या दिवशी नव्हतीच. गिऱ्हाइकं पांगली. मीही रिकामी पिशवी घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्या पातेलं घेऊन माझ्या दारात. आत फडकं भिजत होतं, पाणी पेजेसारखं पांढरट.

"पनीर चोखं व्हतं साहेब. खळ व्हती, फडकानी. बाजारमा चला, तुम्ही सांगा. तुमनं लोके आयकतस."

"बघू, रविवारी," मी म्हणालो. रविवारी गेलो नाही. उगाच चारचौघांत कशाला, असं वाटलं. आता त्याची लाज वाटते, पण लाजेने कुणाचं पोट भरत नाही.

उषाबाई त्याच जागेवर आता पाकिटाचं पनीर विकतात. खप दुप्पट आहे. परवा धीर करून मी एक पाकीट उचललं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"हाई तुम्ही खाऊ नका, साहेब," म्हणाल्या, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला दिलं.